कशेळीच्या सड्यावरील कातळशिल्पें

रत्नागिरी जिल्ह्याचा इतिहास लिहूं पाहणाऱ्यास लेखी साधनांची फारशी उणीव नाहीं. देवस्थानांचीं दप्तरें, खोतांचे व वतनदारांचे कागद, महजर, ताम्रपट असें पुष्कळ साहित्य संशोधकांच्या हातीं आलेलें आहे. परंतु ह्याच जिल्ह्यांत एक साधन असें आहे कीं, तें कोणत्याही रुमालांत बांधतां येत नाहीं, किंवा संग्रहालयांत नेऊन ठेवतां येत नाहीं. तें म्हणजे उघड्या सड्यांवर खोदलेलीं कातळशिल्पें. त्यांचें स्वरूप काय, तीं कशीं पाहावीं व त्यांवरून कोठपर्यंत अनुमान काढावें, हें कशेळीच्या उदाहरणानें सांगण्याचें आम्ही येथें योजिलें आहे.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरील सपाट, उघडा कातळ. तो जांभ्या दगडाचा असतो. फ्रान्सिस बुकानन ह्यानें १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत मलबारांतील ह्या दगडास ‘लॅटराइट’ हें नांव दिलें. खाणींतून ताजा काढला असतां तो हत्यारानें सहज कापतां येतो व वारा लागल्यावर कठीण होतो, हें त्यानें तेव्हांच नमूद केलें आहे. कोंकणांतील घरांचे चिरे ह्याच दगडाचे. जिल्ह्यांत वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तरी सड्यावर माती अगदीं पातळ असल्यामुळें दिवाळीनंतर तेथील गवत वाळूं लागतें, आणि फाल्गुन-चैत्रांत तोच प्रदेश वाळवंटासारखा ओसाड दिसतो. शिल्पें पाहण्यास हाच कोरडा काळ सोयीचा.

रत्नागिरीहून कशेळीस जावयाचें तर भाट्याचा पूल ओलांडून गोळप व पावस ह्या गांवांवरून दक्षिणेस जावें. पुढें पूर्णगडाजवळ मुचकुंदीची खाडी उतरून गांवखडीवरून कशेळी गांठतां येते. मोटारीस तास-सव्वा तास पुरे होतो. वाटेंत उजव्या हातास मधून मधून समुद्र दिसतो, डावीकडे आंब्याच्या कलमांच्या बागा लागतात, आणि चढ संपला कीं क्षितिजापर्यंत काळसर तांबडा कातळ पसरलेला आढळतो. रस्ता सोडल्यावर थोडें पायीं चालावयाचें असतें. मात्र गांवचा माहीतगार मनुष्य बरोबर असावा; कारण ऊन माथ्यावर असतांना दहा पावलांवरचें शिल्पही नजरेस येत नाहीं. सकाळीं किंवा सायंकाळीं ऊन तिरपें असतांना खोदरेषांत सावली धरते, आणि मग आकृति उमटूं लागते.

कशेळीची मुख्य आकृति हत्तीची असून ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद आहे. तिच्या बाह्यरेषेच्या आंत पशु, पक्षी व जलचर ह्यांच्या ७० हून अधिक लहान आकृति खोदलेल्या आहेत. उभ्या माणसास हें सर्व एका दृष्टिक्षेपांत दिसत नाहीं. भोंवतीं फिरत फिरत, एकेक आकृति ओळखीत तें वाचावें लागतें.

आतां ह्याच गांवच्या दुसऱ्या एका साधनाकडे पाहूं. कोल्हापूरच्या शिलाहार घराण्यांतील दुसऱ्या भोजाचा शके १११३ (इ. स. ११९१) चा ताम्रपट कशेळीसंबंधीं आहे. त्यांत राजा, काल व दान हीं स्पष्ट आहेत. सड्यावरील शिल्पांत ह्यांपैकीं एकही गोष्ट नाहीं. अक्षर नाहीं, नांव नाहीं, शक नाहीं. जुनें काम दिसलें कीं तें पांडवांचें म्हणावयाचें, ही आपल्याकडची चाल आहे. परंतु त्यानें कालनिर्णय होत नाहीं. अभ्यासक ह्या शिल्पांचा काळ मध्याश्मयुगापासून इतिहासकालाच्या आरंभापर्यंत, म्हणजे कांहीं सहस्र वर्षांच्या विस्तारांत, धरतात. कांहीं सड्यांवर त्यांनीं गेंडा ओळखला आहे. गेंडा आज कोंकणांत नाहीं. परंतु गुजराथेंतील लांघणज येथील मध्याश्मयुगीन वस्तीच्या उत्खननांत गेंड्याचें हाड सांपडलेलें आहे. तेव्हां पश्चिम हिंदुस्थानांत तो प्राणी एके काळीं होता, हें सिद्ध आहे. तथापि चित्र म्हणजे हाड नव्हे. खोदणाऱ्यानें तो प्राणी ह्याच सड्यावर पाहिला, इतकें विधान केवळ चित्रावरून करूं नये.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई ह्यांनीं गेल्या दशकांत गांवोगांवचे सडे पायाखालीं घालून शेंकडों आकृतींची नोंद केली. इ. स. २०२२ मध्यें कोंकणांतील नऊ स्थळें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत आलीं. त्यांत कशेळी, रुंढे तळी, देवाचें गोठणें, बारसू, देवीहसोळ, जांभरूण व उक्षी हीं सात रत्नागिरी जिल्ह्यांतील, कुडोपी सिंधुदुर्गांतील व फणसायमळ गोव्यांतील आहे.

हस्तलिखितांचे संग्राहक येथें पुष्कळ उपयोगी पडूं शकतील असें आम्हांस वाटतें. पोथींत जें पान फाटलें तेथें चांगला नकलकार जागा मोकळी सोडतो, पदरचें भरीत नाहीं. तोच नियम येथें पाळावा. झिजलेली रेषा तुटकच काढावी. शेजारीं मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यावें. दिशा व भोंवतालच्या खुणा टिपाव्या. छायाचित्र उठून दिसावें म्हणून रेषांत चुना, खडू किंवा रंग भरूं नये. जांभा सच्छिद्र असल्यामुळें ओल्या कागदाचा ठसा घेण्याच्याही भरीस पडूं नये. पादत्राणें आकृतीबाहेर काढावीं.

हें आम्ही आग्रहानें लिहितों ह्याचें कारण असें कीं, ज्या गुणामुळें ह्या दगडावर खोदतां आलें, त्याच गुणामुळें तो चिरेखाणींत कापला जातो. शिवाय नवे रस्ते व कलमांसाठीं फोडलेले खड्डे आहेतच. इ. स. २०२३ मध्यें बारसूच्या सड्यावर नियोजित तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठीं माती-परीक्षण झालें, तेव्हां तेथील शिल्पांच्या रक्षणाचा प्रश्न सर्वांपुढें आला. ताम्रपट स्थान सोडूनही आपला मजकूर सांगतो. कातळशिल्पाचा मात्र अर्धा अर्थ त्याच्या जागेंत असतो. तें पाण्याजवळ आहे कीं वाटेवर, एकटें आहे कीं समूहांत, ह्यांवरच उद्यांचा अभ्यासक आपलें अनुमान बांधील. म्हणून केवळ आकृतीभोंवतीं कुंपण घालून भागणार नाहीं. लगतचा सडाही राखला पाहिजे. ज्या वाचकांच्या गांवीं असे सडे आहेत, त्यांनीं येत्या उन्हाळ्यांत ते स्वतः पाहावे, गांवच्या गुराख्यांस विचारावें, आणि जें आढळेल त्याचें टिपण ग्रामपंचायतीकडे व पुरातत्त्व खात्याकडे पोंचवावें, अशी आमची विनंति आहे.