मूरहेडबाईंचा आवाज

आकाशवाणीची नाटकं ऐकत मी वाढले, म्हणून असेल, पण नटाची पारख मी अजूनही डोळे मिटून करते. त्या कसोटीवर अ‍ॅग्नेस मूरहेड यांच्याइतकं कुणीच उतरत नाही.

२५ मे १९४३ रोजी ‘सस्पेन्स’ या अमेरिकन नभोनाट्यमालेत ल्युसिल फ्लेचर यांचं ‘सॉरी, राँग नंबर’ झालं. अंथरुणाला खिळलेल्या बाईला फोनच्या लायनी गुंतल्यामुळे खुनाचा बेत ऐकू येतो. ऑपरेटर, पोलीस येतात-जातात. अर्धा तास पेलायचा तो मूरहेडबाईंनी. आधी चिडका, हेकट सूर, मग धाप, मग किंचाळी. बाई स्वभावाने त्रासदायक आहे हे त्या लपवत नाहीत, तरी तिच्यासाठी आपला जीव कासावीस होतो. श्रोत्यांच्या आग्रहाने हे नाटक पुन्हा पुन्हा सादर झालं.

१९४८ साली त्यावर चित्रपट निघाला, तेव्हा भूमिका बार्बरा स्टॅनविकला मिळाली. नाव मोठं हवं होतं! चरित्र-अभिनेत्यांच्या वाट्याला हे नेहमीचंच, आणि मला ते अजूनही खुपतं.

पडद्यावर मूरहेडबाईंना ऑर्सन वेल्सने आणलं, रेडिओतल्याच ओळखीने. ‘सिटिझन केन’मध्ये (१९४१) त्या केनची आई. काही मिनिटांचं काम. मुलाची ट्रंक आठवडाभर आधीच भरून ठेवल्याचं ती सांगते, तेव्हा आवाज जराही कापत नाही. रडल्या असत्या तर प्रसंग हलका झाला असता.

ऑस्करसाठी चारदा नामांकन झालं, पुरस्कार एकदाही नाही. घराघरांत त्या पोहोचल्या ‘बिविच्ड’ मालिकेतली चेटकीण सासू म्हणून.