रॅम काढून बघ

३ डिसेंबर २०२५ रोजी मायक्रॉन या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं, की 'क्रुशल' या नावाने सामान्य ग्राहकाला रॅम विकणं ती थांबवते आहे. फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंत माल पाठवायचा, मग बंद. २९ वर्षांचा ब्रँड. एआयच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या मेमरीत पैसा जास्त, म्हणून कारखाने तिकडे वळले. त्याच सुमारास डीडीआर५ स्टिकचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या पुढे गेले. जगातला मेमरीचा बहुतेक बाजार सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांच्याच हातात आहे, त्यामुळे एकाने काउंटर बंद केलं तरी त्याची झळ थेट आपल्या गल्लीतल्या दुकानापर्यंत येते. मला ही बातमी फार लागली. घरच्या कॉम्प्युटरचा जो एक भाग माणूस स्वतःच्या हाताने तपासून, उपटून, बदलू शकत होता, तोच आपल्या हातातून निसटत चालला आहे.

रॅमच्या अगदी सुरुवातीच्या काळात मी रेंगाळणार नाही. इंटेलची ११०३ ही चिप १९७० साली आली, तिच्यात जेमतेम एक किलोबिट मावत असे. नव्वदीच्या मध्यावर पेंटियममध्ये ७२ पिनांच्या पट्ट्या जोडीने बसवाव्या लागत आणि त्या इतक्या महाग होत्या, की बिघाड झाला तर मालक मशीनला हातच लावू देत नसे.

खरा काळ त्यानंतरचा, साधारण १९९८ ते २००८. एसडीरॅम आली, १६८ पिनांची एकच पट्टी पुरू लागली. मग १८४ पिनांची डीडीआर, त्यानंतर २४० पिनांची डीडीआर२. प्रत्येक पिढीची खाच वेगळ्या जागी, म्हणजे चुकीची पट्टी चुकीच्या स्लॉटमध्ये बसतच नसे. रत्नागिरीत तेव्हा चौकाचौकात डीटीपी सेंटर होती, लग्नपत्रिका आणि शाळांच्या प्रश्नपत्रिका तिथे जुळत. मशीन सगळी असेंबल्ड. सुटे भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एसटीने यायचे. सप्टेंबर १९९९मध्ये तैवानला मोठा भूकंप झाला आणि रॅमचे भाव चढले, तेव्हा आपलं गाव कुठकुठल्या तारांनी जगाशी जोडलं गेलंय हे आम्हा सगळ्यांना कळलं.

पावसाळा लागला की दुरुस्तीसाठी फोन सुरू होत. "दादा, पंखा फिरतोय, पण डिस्प्ले येत नाही." कधी मशीन चालू करताच एकसारखी लांब बीप वाजायची. उत्तर ठरलेलं असे: रॅम काढून बघ. वीज बंद करायची, वायर काढायची, पॉवरचं बटण दाबून उरलासुरला करंट घालवायचा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावायचा. दोन्ही बाजूंच्या क्लिप दाबून पट्टी उचलायची. तिच्या सोनेरी पिनांवर दमट हवेचा आणि धुळीचा थर बसलेला असे, तो पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसायचा, ब्रशने चुरा झाडायचा आणि दोन्ही क्लिप 'टक्' वाजेपर्यंत पट्टी पुन्हा दाबायची. कितीतरी मशीन एवढ्यावरच उठून उभी राहत.

नाही राहिली, तर खरं काम. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवायची, मग दुसरी. नंतर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोष पट्टीबरोबर फिरला तर पट्टी गेली, स्लॉटपाशीच राहिला तर मदरबोर्ड. दहावीच्या मुलालाही समजावं असं हे तर्कशास्त्र आहे, आणि समजतही असे. पट्टी पूर्ण मेलेली नसेल, मधूनच दगा देत असेल, तर मेमटेस्ट. फ्लॉपीवर मावणारा तो प्रोग्राम विंडोज सुरू होण्याआधीच चालायचा, मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहायचा आणि परत वाचून पाहायचा. रात्रभर लावून ठेवायचा. सकाळी निळ्या पडद्यावर लाल ओळी दिसल्या की वाद संपला.

इथे एक जुना राग काढतोच. त्या दहा वर्षांत गावोगाव "फॉर्मॅट मारावा लागेल" म्हणणाऱ्यांची एक फौज फिरत होती. निळी स्क्रीन आली, फॉर्मॅट. फाइल उघडेना, फॉर्मॅट. मेमरी खराब असेल तर तिच्यातून डिस्कवर लिहिलं जाणारंही खराब होतं. फाइल बिघडते ती त्यामुळे. अशा मशीनवर विंडोज एक्सपी नव्याने टाकायला घेतलं, की मध्येच 'फाइल कॉपी होत नाही' असा संदेश यायचा, मग सीडी खराब, मग सीडी ड्राइव्ह खराब, आणि ग्राहक पैसे मोजत राहायचा. लोकांची वर्षानुवर्षांची पानं या घाईत पुसली गेली. खरा दोषी त्या तळहाताएवढ्या पट्टीवरची एखादी काळी चिप असायची, आणि अनेक कंपन्या त्या पट्टीवर लाइफटाइम वॉरंटी देत होत्या. ती मागायला सांगणारा दुकानदार मात्र क्वचित भेटे.

पुढची वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. डीडीआर३, डीडीआर४, लॅपटॉप घरोघरी. पण २०१२च्या रेटिना मॅकबुक प्रोने मदरबोर्डवरच मेमरी सोल्डर केली, आणि पातळ लॅपटॉपांत हळूहळू तोच रिवाज झाला. कारणं सांगतात ती खोटी नाहीत. कमी विजेवर चालणारी एलपीडीडीआर चिप प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते, लांबचा रस्ता तिला सोसत नाही. तरीही वाट आहे. स्क्रूने बसणाऱ्या, काढता येणाऱ्या कॅम२ या प्रकाराचं मानक जेडेक संस्थेने डिसेंबर २०२३मध्येच प्रसिद्ध केलं, आणि तो एलपीडीडीआरसाठीही चालतो. म्हणजे पातळ आणि बदलता येणारी मेमरी शक्य आहे. कंपन्या ती अपवादानेच देतात, कारण ज्याला नंतर मेमरी वाढवता येत नाही तो आधीच महाग मॉडेल घेतो. हे मला सरळसरळ अन्यायाचं वाटतं.

गेल्या वर्षी पुतणीचा लॅपटॉप अडखळू लागला. तपासणीत मेमरीचा दोष निघाला. मेमरी सोल्डर केलेली. सर्व्हिस सेंटरने अख्खा मदरबोर्ड बदलण्याचा जो खर्च सांगितला, त्यात थोडी भर घातली असती तर नवा लॅपटॉप आला असता. बाकी मशीन ठणठणीत होतं. कॉलेजच्या ऐन परीक्षेत त्या पोरीच्या घरावर हा भुर्दंड पडला, आणि पट्टी असती तर तो अर्ध्या तासाचा उद्योग होता.

म्हणून वाचकांना कळकळीने सांगणं आहे. मशीन वारंवार अडकत असेल तर फॉर्मॅटला होकार देण्याआधी मेमरी तपासून घ्या. व्हिस्टापासून विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' फुकट आहे, मेमटेस्टही आज पेनड्राइव्हवरून चालतं. जुनी चालू पट्टी भंगारात टाकू नका, जवळच्या दुरुस्तीवाल्याला द्या, सध्याच्या भावात ती कुणाचं तरी मशीन वाचवेल. आणि नवा लॅपटॉप घेताना प्रोसेसरच्या आधी एकच विचारा: रॅमला स्लॉट आहे का? नसेल, तर दुसरं मॉडेल दाखवायला सांगा.