हृदयातील प्रत्यारोपित यंत्रांचे व्यक्तिसापेक्ष सेटिंग : संभाव्यताधिष्ठित कृत्रिम बुद्धिमत्तेची भूमिका

प्रस्तावना :
हृदयाचे ठोके मंदावले तर त्यांना गती देणारा पेसमेकर व ते घातक वेगाने पडू लागले तर विजेचा झटका देऊन सावरणारा डिफिब्रिलेटर ही यंत्रे आता सर्वपरिचित आहेत. १९५८ मध्ये स्वीडनमधील आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर, तर १९८० मध्ये अमेरिकेत पहिला डिफिब्रिलेटर बसविण्यात आला. परंतु यंत्र बसविल्याने उपचार पूर्ण होत नाही. किमान किती ठोके राखावेत, किती वेगाला धोका मानावा, झटका देण्यापूर्वी किती वेळ थांबावे हे यंत्राला सांगावे लागते. प्रस्तुत लेखात या निर्णयामध्ये संभाव्यताशास्त्राचा उपयोग कसा होऊ शकतो, याचे विवेचन केले आहे.

सेटिंगचे महत्त्व :
मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात अमेरिकेतील मृत व्यक्तींचे पेसमेकर निर्जंतुक करून ५३ गरजू रुग्णांना बसविण्यात आले. त्यासंबंधीचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्र एकाच्या देहातून दुसऱ्याच्या देहात जाऊ शकते. सेटिंग मात्र नव्या रुग्णासाठी नव्यानेच ठरवावे लागते.

सेटिंगमुळे किती फरक पडतो, हे २०१२ च्या 'मॅडिट-आरआयटी' या १५०० रुग्णांवरील चाचणीने दाखविले. मिनिटाला १७० ऐवजी २०० ठोक्यांपासून उपचार सुरू करण्याचे सेटिंग ठेवल्यावर अनावश्यक उपचार व मृत्यू दोन्ही घटले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायपेस' या चाचणीत ठरावीक ६० ठोक्यांऐवजी रुग्णाच्या उंचीसारख्या बाबींवरून किमान गती ठरविली असता रुग्णांच्या जीवनमानात सुधारणा दिसली. पहिल्या चाचणीने सर्वांसाठी अधिक चांगला आकडा शोधला. दुसरीने प्रत्येकासाठी वेगळा आकडा शोधला.

संभाव्यतेचे गणित :
थॉमस बेज यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्वीच्या अंदाजात नव्या पुराव्यानुसार दुरुस्ती कशी करावी, हे त्यातून स्पष्ट होते. एक कल्पित उदाहरण पाहू. 'अ' या रुग्णाला पूर्वी घातक झटके येऊन गेले आहेत. त्याच्या जलद ठोक्यांच्या १०० प्रसंगांपैकी ७० प्रसंग घातक असतात. 'ब' हा हळद काढणीच्या दिवसांत कष्ट करणारा शेतमजूर असून त्याच्या १०० प्रसंगांपैकी २० च घातक असतात. यंत्र घातक प्रसंगांपैकी ९० टक्के अचूक ओळखते, परंतु निरुपद्रवी प्रसंगांपैकी १० टक्क्यांनाही घातक समजते असे मानू.

'अ' बाबत ६३ खरे व ३ खोटे इशारे मिळतील. म्हणजे इशारा खरा असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के. 'ब' बाबत १८ खरे व ८ खोटे. म्हणजे सुमारे ६९ टक्के. यंत्र तेच, इशाराही तोच. परंतु 'ब' ला दिलेल्या साधारण तीन झटक्यांपैकी एक व्यर्थ ठरेल. असा झटका वेदनादायक असतो व त्याच्या भीतीने मनुष्य कामावर जाणेही टाळतो. उलट, झटका टाळण्यासाठी यंत्र फार थांबले तर प्राण जाऊ शकतो. संभाव्यताधिष्ठित कृत्रिम बुद्धिमत्ता ही दोन्ही नुकसाने तोलते, प्रत्येक नोंदीनंतर अंदाज सुधारते आणि आपली खात्री किती आहे हेही सांगते. मात्र आजची यंत्रे मुख्यतः निश्चित नियमांवर चालतात; ही पद्धत अद्याप प्रामुख्याने संशोधनाच्या टप्प्यावर आहे.

हिंगोलीच्या संदर्भात :
अशा यंत्रांची तपासणी व सेटिंगमधील बदल यांची सोय साधारणतः मोठ्या शहरांतच असते. जिल्ह्यातील रुग्णाला त्यासाठी मजुरी बुडवून प्रवास करावा लागतो. म्हणून स्वतः शिकणारे यंत्र येथे विशेष उपयुक्त ठरेल. परंतु गणिताचा आरंभ पूर्वीच्या अंदाजापासून होतो. तो अंदाज परदेशी रुग्णांच्या नोंदींतून घेतला, तर येथील मजुराचे कष्ट, उन्हाळा व आहार त्यात उतरणार नाहीत. रुग्णाच्या स्वतःच्या नोंदी साठत गेल्यावर ही उणीव कमी होईल. तोपर्यंत मात्र चुकीचा झटका त्यालाच सोसावा लागेल.

समारोप :
१. सेटिंगच्या मर्यादा डॉक्टरांनी ठरवाव्यात व यंत्राने त्यांच्या आतच बदल करावेत.
२. खात्री कमी असेल तेव्हा यंत्राने स्वतः बदल न करता डॉक्टरांना सूचना द्यावी.
३. २०२४ मध्ये सुरू झालेल्या हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने व जिल्ह्यातील संख्याशास्त्र, संगणकशास्त्र विभागांनी रुग्णांच्या संमतीने व नावे गुप्त ठेवून स्थानिक नोंदी जमविण्याचा विचार करावा.

आपल्या माणसांच्या नोंदीच नसतील, तर यंत्र कितीही बुद्धिमान असले तरी ते आपल्या माणसाबाबतचा निर्णय दुसऱ्याच्या हृदयावरून घेईल.