उद्योजकांचा जुना समूह-फोटो कसा वाचाल?

पुण्यात मराठा चेंबर ऑफ कॉमर्स १९३४ मध्ये आणि बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ मध्ये स्थापन झाली. अशा संस्थांच्या बैठका-समारंभांचे फोटो म्हणजे शहराच्या उद्योगाचा इतिहासच. ते भिंग घेऊन पाहावेत.

आसनव्यवस्था : मधल्या खुर्चीत बहुधा अध्यक्ष किंवा पाहुणे असतात. मान जसजसा कमी, तसतशी जागा कडेला. मागे उभे असलेले कारकून, शिपाईही पाहा. त्यांची नावे अनेकदा गाळलेली असतात.

डोक्यावर काय? पगडी, पागोटे, फेटा यांवरून समाज आणि पिढी कळते. गांधी टोपी दिसली, तर फोटो १९२० च्या आसपासचा किंवा नंतरचा समजावा.

कागद : पिवळसर तपकिरी, पातळ अल्ब्युमिन छाप बहुधा एकोणिसाव्या शतकातला. गडद भागात चंदेरी झाक आली असेल, तर तो जिलेटिन छाप. काचेच्या निगेटिव्हवरून त्याच आकारात काढलेल्या छापात बारकावे भरपूर टिकतात.

पाठ आणि पुठ्ठा : स्टुडिओचा शिक्का आणि ‘बसलेले, डावीकडून’ ही नावांची ओळ मोलाची. पुठ्ठा कापून नवी फ्रेम करू नका.

कोण नाही? स्त्रिया आणि कामगार बहुतेक फोटोंत नसतात. उद्योग त्यांच्याही श्रमावर उभा राहिला, हे विसरू नये.

आजच करा : घरातल्या ज्येष्ठांना चेहरे दाखवा आणि ओळखलेली नावे स्कॅन केलेल्या प्रतीवर लिहून ठेवा.