आज्ञावलीने घडणारा रेडिओ

जबलपूर म्हटले की भेडाघाटचे संगमरवरी कडे डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु बिनतारी विद्येच्या शिक्षणाशीही या शहराचा संबंध जुना आहे. सैन्याच्या सिग्नल दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. दूरसंचाराची प्रशिक्षण संस्था 1942 साली येथे निघाली, 1947 साली अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि 2005 साली माहिती तंत्रज्ञानाच्या केंद्रीय संस्थेची त्यांत भर पडली. अशा शहरातील विद्यार्थ्याला आज रेडिओ शिकावयाचा झाल्यास तो कोठून आरंभ करील?

जुन्या रेडिओत प्रत्येक कामासाठी निराळा भाग असे. हवे ते केंद्र निवडणे, वाहक लहरीपासून ध्वनी अलग करणे, ही कामे वेटोळी, कंडेन्सर यांसारखे भाग करीत. काम बदलावयाचे म्हणजे भाग बदलावे लागत. हीच कामे संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपवावी, असा विचार जोसेफ मिटोला यांनी 1992 साली मांडला. 2001 साली ‘ग्नू रेडिओ’ ही सर्वांना खुली असलेली आज्ञावली निघाली. दूरचित्रवाणीसाठी बनविलेले एक स्वस्त उपकरण असा रेडिओ म्हणून वापरता येते, हे 2012 साली सर्वत्र माहीत झाले.

हे उपकरण एका सेकंदात सुमारे 24 लक्ष वेळा लहर मोजते आणि प्रत्येक मापनाचे दोन आकडे संगणकाकडे पाठविते. त्यामुळे 2.4 मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एकाच वेळी हाती येतो. एफ. एम. केंद्राला सुमारे 0.2 मेगाहर्ट्झ पुरतात; तेव्हा नवशिक्याने प्रथम तेच ऐकावे. आवाज खरखरला तर गणित कोठे चुकले, हे कानांनाच कळते.

संगणकांच्या बिनतारी जाळ्याचा अभ्यास मात्र याहून कठीण आहे. वाय-फायचा एक मार्ग बहुधा 20 मेगाहर्ट्झ रुंद असतो. त्यासाठी सेकंदाला किमान दोन कोटी मापने करणारे उपकरण लागते. दुसरी अडचण वेळेची. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात निरोप संपल्यावर 10 मायक्रोसेकंदांनी त्याची पोच निघावी लागते. तेवढ्या अवधीत लहर अवघे तीन किलोमीटर जाते. मापने तारेने संगणकापर्यंत नेऊन उत्तर परत आणण्यास याहून अधिक वेळ लागतो. पोच आली नाही, तर पाठविणारा निरोप हरवला असे समजून तो पुन्हा पाठवितो आणि जाळ्यात उगाच गर्दी होते. म्हणून तातडीची कामे उपकरणातीलच पुनर्रचनाक्षम मंडलाकडे ठेवतात व सावकाशीची तेवढी संगणकाकडे देतात. ही वाटणी नीट जमविणे हाच संशोधकाचा खरा अभ्यास होय.

आज्ञावलीतील एक आकडा बदलताच असे यंत्र भलत्याच पट्टीत बोलू लागेल आणि दुसऱ्याचा महत्त्वाचा निरोप बुडवील. याकरिता भारतात प्रक्षेपणास सामान्यतः परवाना लागतो. 2400 ते 2483.5 मेगाहर्ट्झसारख्या काही पट्ट्यांत मर्यादित शक्तीपुरती सूट आहे. प्रयोगशाळेत प्रक्षेपक व ग्राहक, मध्ये लहर क्षीण करणारा भाग घालून, तारेनेच जोडता येतात. आकाश सर्वांचे सामाईक आहे; त्यात बोलण्यापूर्वी ऐकावयास शिकणे, हा या विद्येचा पहिला पाठ होय.