वडिलांची येणे बाकी

करड्या शिस्तीचे वडील गेले की मुलगा मोकळा होतो, असे आपण समजतो. बँकेच्या नोकरीत मला उलटेच जास्त दिसले. मयत खातेदाराचे खाते बंद करता येते. त्याचा दरारा बंद करायचा फॉर्म कुठल्याच शाखेत मिळत नाही.

बापाचे कर्ज फेडणे हे हिंदू मुलाचे धर्मकर्तव्य, असे पूर्वी कायदाही मानत असे. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला मुलाचा हिस्सा त्यापायी जाऊ शके. ९ सप्टेंबर २००५ पासून वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने नव्या कर्जांपुरते हे बंधन काढून टाकले.

डहाणू-तलासरीकडे तर कर्जाबरोबर माणसेच वारशाने जात. वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे घेई आणि ‘लग्नगडी’ होई. पुढे नवरा-बायको दोघांनी राबायचे. बाप मेला तरी मुलांची सुटका नसे. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, असे त्यांनी ठरवले. त्यांना जागे करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी स्वतः वडिलांची नाराजी पत्करून पुण्याचे घर सोडले होते. ते सोपे नव्हतेच, पण निदान भांडायला समोर माणूस तरी होता. गेलेल्या माणसाशी भांडायचे कसे?

डहाणूजवळचा एक चिकू बागायतदार ठिबक सिंचनाच्या कर्जासाठी तीनदा आला आणि तीनदा अर्ज खिशात घेऊन परतला. वय पंचेचाळीस, सातबारा नावावर, जामीनदार तयार. “बाबांना पाटाचंच पाणी पसंत होतं,” एवढेच म्हणे. बाबांना जाऊन चार वर्षे झाली होती! हयातीत त्यांनी याला चिकूचा भावही कधी ठरवू दिला नव्हता.

चौथ्या खेपेला सोबत आई होती. तो पुन्हा घुटमळला, तशी ती म्हणाली, “अरे, त्यांचं काय घेऊन बसलास? आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली तरी तुझे बाबा त्यांच्या फोटोकडे बघूनच विहिरीची मोटार चालू करायचे.”

हे त्याला ठाऊक नव्हते. तो बराच वेळ गप्प बसला. मग हसला आणि माझ्याकडे पेन मागितले.