महाजनादेश आणि घरचा कौल

वसंतराव नाईकांनंतर मुख्यमंत्रिपदाची पाच वर्षे सलग पूर्ण केली ती देवेंद्र फडणवीसांनी. दोघेही विदर्भाचे. नगरसेवक, महापौर, आमदार अशी फडणवीसांची वाटचाल नागपूरकरांनी जवळून पाहिलेली. त्यामुळे 2019 ची निवडणूक इथे घरचीच होती.

1 ऑगस्टला गुरुकुंज मोझरीहून फडणवीसांची महाजनादेश यात्रा निघाली. कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात ती थांबवावी लागली. सप्टेंबरात नाशिकला समारोप झाला. कर्जमाफी, जलयुक्त शिवार, समृद्धी महामार्ग आणि पुढे कलम 370. प्रचार राज्यभर एकाच चेहऱ्याभोवती फिरला.

पण नागपुरात त्याच वर्षी तोतलाडोह धरणाचा साठा तळाला गेला आणि जुलैत शहराला दिवसाआड पाणी मिळू लागले. मार्चमध्ये मेट्रो धावू लागली होती, हे खरे. पण रिकाम्या नळाचा विसर मेट्रोने पडत नाही. त्यात कामठीत चंद्रशेखर बावनकुळेंचे तिकीट कापले गेले. ते मंत्री होते, जिल्ह्याचे पालकमंत्री होते. गावोगाव कार्यकर्ते बांधणारा माणूस ऐन वेळी बाजूला सारला, तेव्हा त्यांच्या तेली समाजातली नाराजी लपून राहिली नाही. माझ्या मते त्या प्रचारातली सर्वांत महागडी चूक हीच.

24 ऑक्टोबरला निकाल लागला. 2014 मध्ये जिल्ह्यातल्या 12 पैकी 11 जागा भाजपच्या होत्या. आता 6 उरल्या. शहरातच पश्चिम आणि उत्तर नागपूर काँग्रेसने घेतले, काटोल राष्ट्रवादीने. राज्यात भाजप 105, शिवसेना 56; युतीला बहुमत मिळाले, पण मुख्यमंत्रिपदावरून ती तुटली. फडणवीसांचा पहाटेचा शपथविधी आणि चार दिवसांत राजीनामा हे सर्वांना पाठ आहे. त्यापेक्षा नागपूरच्या निकालाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे होते, कारण इशारा तिथेच होता.

पक्षाने तो काही अंशी ऐकला. 2024 मध्ये बावनकुळे कामठीतून लढले आणि जिंकले. भाजप 132 वर गेला, फडणवीस 5 डिसेंबरला तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. मात्र नैऋत्य अर्थात दक्षिण-पश्चिम नागपुरात त्यांचे मताधिक्य 2014 मध्ये सुमारे 59 हजार होते, 2019 मध्ये 49 हजार आणि 2024 मध्ये 39,710.